'मानव शक' की 'मानवी सन'?

परभणीकडच्या एका शिक्षिकांनी विचारलं आहे: इसवी सनात १०,००० मिळवून वर्षं मोजायची एक पद्धत आहे. वर्गातल्या कालपट्टीवर ती लिहायची झाली, तर तिला 'मानव शक' म्हणावं, 'मानव संवत' म्हणावं की 'मानव युग'? आणि 'इ.स.पू.'चं काय करायचं?

ताई, माझं मत 'मानवी सन' या नावाला. ही पद्धत चेझारे एमिलियानी या भूशास्त्रज्ञाने १९९३ साली सुचवली. माणूस शेती करू लागला, वस्ती करून राहू लागला, तेव्हापासूनचा सगळा काळ एकाच सलग मोजणीत यावा, हा तिचा हेतू. मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला ते १९४८ साल तिच्यात ११९४८ होतं.

'शक' मला इथे पटत नाही. मूळ शब्द शक लोकांचा. बदामीच्या इ.स. ५४३ च्या शिलालेखात शकवर्ष ४६५ आहे, पण शालिवाहनाचं नाव नाही. ते पुढे चिकटलं आणि पैठणशी कायमचं जोडलं गेलं. मराठीत शक म्हटला की शककर्ता आलाच. शिवाजी महाराजांचा १६७४ चा राज्याभिषेक शक घ्या. दहा हजार वर्षं मागे असा कोणी कर्ता उभा करता येत नाही. 'संवत' उच्चारला की आपल्याकडे विक्रमच आठवतो. आणि 'युग' म्हणजे कालखंड. 'युग ११९४८' असं मराठी माणूस बोलणार नाही.

उरला 'सन'. अरबीतून आला आणि मराठीत पूर्ण मुरला. तो कुणाचाच नाही, पुढे विशेषण लावलं की त्याचा होतो: इसवी, हिजरी, सुहूर, फसली (शेतसाऱ्यासाठी मोजलं जाणारं वर्ष). मराठवाड्याला तर हे सांगायलाच नको. कित्येक घरांत निजामकाळातले जमिनीचे कागद अजून जपून ठेवलेले आहेत. त्यावर 'माहे खुर्दाद, सन १३४५ फसली' असं लिहिलेलं असतं. इसवी वर्ष काढायला लोक सरसकट ५९० मिळवतात आणि १९३५ काढतात. पण हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यात सुरू व्हायचं. खुर्दाद येतो साधारण एप्रिलात, म्हणून ५९१ मिळवायचे: एप्रिल १९३६. वारसाच्या वादात एका वर्षाचा हा फरक महागात पडू शकतो, तेव्हा आधी महिना बघा, मग बेरीज करा.

मानवी सनाला महिन्यांची ही भानगड नाही, कारण वर्ष इसवीचंच, जानेवारीपासूनचं. फक्त मागे जाताना सांभाळायचं. इसवी सनात शून्य वर्ष नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १. म्हणून इ.स.पू. १ म्हणजे मानवी सन १००००, आणि इ.स.पू.चं कोणतंही वर्ष १०,००१ मधून वजा करायचं.

तुमच्या कालपट्टीसाठी अजिंठा घ्या. सगळ्यात जुनी लेणी इ.स.पू. दुसऱ्या शतकातली, नंतरची पुष्कळशी इ.स. पाचव्या शतकातली. दोन्हींत किती शतकांचं अंतर, असं विचारलं तर मुलं पाचातून दोन वजा करून तीन सांगतात. कोणी बेरीज करून सात. मानवी सनात पहिला टप्पा नव्व्याण्णवाव्या शतकात पडतो, दुसरा एकशे पाचव्या. साधी वजाबाकी करा: सहा. मला या पद्धतीची खरी ओढ वाटते ती एवढ्यासाठी.

'इ.स.पू.' मात्र संपत नाही, मागे सरकतं. गोदाखोऱ्यातली अश्मयुगीन दगडी हत्यारं दहा हजारांच्या कितीतरी आधीची. त्यांना 'मानवी सनापूर्वी' म्हणावंच लागेल. 'होलोसीन सन' हे नाव काही जण वापरतात, ते मी टाळेन. भूशास्त्रातला होलोसीन, म्हणजे शेवटच्या हिमयुगानंतरचा आजवरचा कालखंड, सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी सुरू झाला असं ठरवलं आहे. एमिलियानीने निवडलेला १०,००० हा आकडा होलोसीनचा आरंभ नाही, बेरजेला सोपा म्हणून घेतलेला आहे.

शालिवाहन शके, इसवी, विक्रम संवत आपल्या पंचांगात शेजारी शेजारी छापलेले असतातच. तुमच्या पट्टीवरही इसवी वर्ष ठेवा आणि त्याखाली 'मा.स.' लिहा. पहिल्यांदा येईल तिथे 'मानवी सन' पूर्ण लिहा, नाहीतर मुलं 'मा.स.' म्हणजे महिना समजतील.