‘येस’चं बटणच फिकं पडलंय

(कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा आणि दोन शब्दांत एक जागा सोडा.)

प्रश्न : घरी विंडोज ११ होम आहे. मुलानं गेम टाकू नयेत म्हणून एका व्हिडिओत पाहून ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ हे लपलेलं खातं चालू केलं, माझं खातं ‘स्टँडर्ड’ केलं आणि शेवटी ते लपलेलं खातं पुन्हा बंद केलं. आता प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला गेलं तरी परवानगीची खिडकी येते. तिच्यात पासवर्डची जागाच नाही, ‘येस’ फिकं आणि फक्त ‘नो’ दाबता येतं.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : किल्ल्या आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं झालंय. मशीनवरचं शेवटचं, सॉफ्टवेअर टाकायचा हक्क असलेलं अ‍ॅडमिन खातं स्टँडर्ड करायला विंडोज सहसा देत नाही. पण त्या वेळी लपलेलं खातं चालू होतं, म्हणजे मोजायला एक अ‍ॅडमिन शिल्लक होता. तुम्ही तोही बंद केलात. आता पासवर्ड कुणाचा मागायचा हेच विंडोजला कळत नाही, म्हणून ‘येस’ फिकं.

आधी खात्री करून घ्या. साधा कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेट लोकलग्रुप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ टाइप करा. ही यादी बघायला अ‍ॅडमिन असावं लागत नाही. यादीत घरातल्या आणखी कुणाचं नाव निघालं तर प्रश्न तिथंच मिटला. त्या खात्यानं लॉगिन करून तुमचं खातं पुन्हा अ‍ॅडमिन करा. त्यांचा मायक्रोसॉफ्टचा पासवर्ड विसरला असेल तर तो मोबाइलवरून बदलता येतो. यादीत एकटाच ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असेल तर ‘नेट यूजर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ द्या. ‘अकाउंट अ‍ॅक्टिव्ह’समोर ‘नो’ दिसलं की निदान पक्कं.

पुढचं काही करण्याआधी दोन कामं उरका. फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. आणि मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर तुमच्या खात्यात डिस्क उघडायची ४८ अंकी रिकव्हरी की असेल तर ती कागदावर उतरवा. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते. मधेच की मागितली आणि ती नसली तर सगळंच अडतं.

मग शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि ४ आकडा, म्हणजे सेफ मोड (गरजेपुरतीच चालणारी विंडोज). तिथं लॉगिनच्या वेळी ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ दिसतं का पाहा. दिसलं तर आत जा (तुम्ही पासवर्ड ठेवला नसेल तर जागा रिकामी ठेवून एंटर) आणि ‘नेट लोकलग्रुप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’, मग तुमच्या खात्याचं नाव, मग तिरकी रेघ (/) लावून ‘अ‍ॅड’. इथं बरेचजण अडखळतात ते नावावर. मायक्रोसॉफ्टच्या ईमेलनं सुरुवातीपासून लॉगिन केलेल्या मशीनवर खात्याचं आतलं नाव बहुधा ईमेलची पहिली पाच अक्षरं एवढंच असतं. पूर्ण नाव टाकलं तर ‘असं खातं नाही’ असंच उत्तर येणार. म्हणून आधीच, स्वतःच्या खात्यात असताना, ‘हू अ‍ॅम आय’ हे शब्द सलग टाइप करून खरं नाव टिपून ठेवा.

निळ्या पडद्यावरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट यूजर’ची कमांड चालवा, असंही काहीजण सांगतात. ती चालते, ‘सक्सेसफुली’ असंही लिहून येतं, पण बदल होतो तो तात्पुरत्या मेमरीतल्या छोट्या विंडोजमध्ये. तुमची विंडोज आहे तशीच राहते.

सेफ मोडमध्ये ते खातं नाहीच दिसलं तर उरतो तो ट्रबलशूटमधला ‘रीसेट धिस पीसी’. ‘कीप माय फाइल्स’ निवडल्यावर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला तर तो तुमच्याकडे नाही, तेव्हा ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. बॅकअप त्याचसाठी आधी. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, टॅली, प्रिंटर हे सगळं पुन्हा टाकावं लागेल.

आणि मुलाचं काय? स्वतःचं खातं उतरवायची गरजच नव्हती. त्याला वेगळं स्टँडर्ड खातं द्या आणि तुमचा पासवर्ड त्याच्यासमोर टाइप करू नका.

प्रश्न : जुना लॅपटॉप घेतला. सेटिंग्जमध्ये ‘काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेकडून चालतात’ अशा अर्थाची ओळ आहे. दुकानदार म्हणतो, रीसेट केला की जाईल.
— एक वाचिका, कागल

उत्तर : कदाचित जाईल, कदाचित नाही. नुसती ही ओळ कधीकधी अँटिव्हायरसमुळे किंवा सेटिंग बदलणाऱ्या एखाद्या ‘ट्वीक’मुळेही येते. सेटिंग्ज, अकाउंट्स, ‘अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल’ इथं कुठली कंपनी जोडलेली दिसते का पाहा. दिसली तर ‘डिस्कनेक्ट’ करून बघता येतं, पण त्याआधी मशीनवर तुमचं स्वतःचं अ‍ॅडमिन खातं आहे ना, हे तपासा. नाहीतर वरच्या वाचकांसारखी गत व्हायची.

खरी अडचण ऑटोपायलटची, म्हणजे कंपन्यांसाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या नोंदणी सोयीची. कंपनीनं लॅपटॉपच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टकडे नोंदवलेली असते. ही नोंद सर्व्हरवर असल्यामुळे विंडोज नव्यानं टाकली, हार्डडिस्क बदलली तरी इंटरनेट मिळताच कंपनीचा ईमेल मागितला जातो. नोंद काढायचं काम त्या कंपनीच्या आयटी विभागाचं, दुकानदाराचं नाही. त्यामुळे रीसेट दुकानातच करून घ्या, मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि तुमच्या स्वतःच्या ईमेलनं डेस्कटॉप उघडेपर्यंत उठू नका. कंपनीच्या नावाचा पडदा आला तर लॅपटॉप तिथंच परत.

प्रश्न : जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क नव्याला जोडली. मी अ‍ॅडमिन असूनही माझाच फोल्डर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ सांगतो.
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : जुना तुम्ही आणि नवा तुम्ही विंडोजच्या लेखी दोन वेगळी माणसं. नाव तेच असलं तरी खात्याचा आतला क्रमांक वेगळा असतो. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड. ‘ओनर’समोर ‘चेंज’ करून स्वतःचं खातं द्या, खालच्या ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स’ चौकटीत खूण करा आणि ओके. फाइली बऱ्याच असतील तर वेळ लागतो, मधे बंद करू नका. हे फक्त जुन्या डिस्कवरच्या तुमच्या फोल्डरला. चालू मशीनच्या सी ड्राइव्हवरच्या ‘विंडोज’ फोल्डरची मालकी घेतलीत तर अपडेट अडकायला लागतील.