१०० एमबीपीएसचं नेट आहे, तरी ब्लूटूथ स्पीकरवर ऑनलाइन गाणी आणि रेडिओ अडकत वाजतात. प्लॅन वाढवू का? आणि स्पीकर कुठला घ्यावा?

प्लॅन अजिबात वाढवू नका. तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो, कारण नेमक्या याच विषयावर आमच्या घरात जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही.

आधी साधा हिशोब. बऱ्याच ॲपवर ‘हाय क्वालिटी’ म्हणजे फार तर ३२० केबीपीएस, म्हणजे एका एमबीपीएसचा जेमतेम तिसरा हिस्सा. तासभर वाजवा, १४४ एमबी जातात. तुमच्या लाइनवर अशी तीनशे गाणी एकदम वाजतील. सीडीच्या दर्जाचं लॉसलेस (आवाजातलं काही न गाळता पाठवलेलं) लावलं तरी दीड एमबीपीएसच्या आतच काम भागतं. एवढं असूनही जो माणूस तुम्हाला प्लॅन वाढवायला सांगतो, त्याला गाण्यातलं कळत नसेल किंवा बिलातलं जास्त कळत असेल.

आता आमचं. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. मागांच्या खडखडाटात गाणं कोण ऐकणार, पण भिंतीपलीकडे शिलाई-घडीचं काम चालतं आणि तिथे दिवसभर स्पीकर लागतो. सकाळी तेलुगू, दुपारी कन्नड, मधेच आकाशवाणी. फोन तिथल्या एका अक्कांचा, कारखान्याच्या वायफायला जोडलेला. स्पीकर दाराजवळच्या फळीवर. रोज हाक यायची, “मालक, परत अडकूलालंय बघा.”

आमचे दाजी केबल-नेटच्या धंद्यात आहेत. ते आले, उभ्या उभ्या स्पीड टेस्ट केली, मान हलवली आणि म्हणाले, “कमी पडतोय.” टेस्टमध्ये ४० दिसत होते! मी म्हटलं, दाजी, ४० मध्ये एक गाणं वाजत नाही म्हणजे काय? त्यावर अप्पा माझ्यावरच घसरले, “जावई सांगतायत तर ऐक की.” जावयाचा शब्द कोण मोडणार? प्लॅन वाढला, वर राउटरही नवीन आला, तोही दाजींकडूनच. गाणं होतं तसंच.

मग एका दुपारी मी टॉवेल मोजायच्या निमित्ताने तिथेच खुर्ची टाकून बसलो. अक्का फोन कापडी पिशवीत घालून कमरेला खोचतात. मशिनवर बसल्या की गाणं झकास. उठून माल आणायला मागांकडे निघाल्या, भिंतीआड गेल्या, की गाणं फाटायचं. डोक्यावर टॉवेलचा गठ्ठा घेऊन परत दारात आल्या की पुन्हा सुरळीत. दोन-तीन खेपा बघितल्या. मग फोन मागून घेतला, गाणी डाउनलोड केली, फ्लाइट मोड टाकला, फक्त ब्लूटूथ चालू ठेवलं आणि फोन परत त्यांच्या कमरेला. नेटचा संबंधच संपला, तरी गाणं त्याच भिंतीआड फाटलं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि ही लहर पाण्यात जिरते. माणसाचं अंग बहुतांश पाणीच. त्यात मधे भिंत आणि पलीकडे लोखंडी मागांची रांग. फोन स्पीकरशेजारी फळीवर ठेवला, विषय संपला. दाजींना सांगितलं तर म्हणतात, “मग, प्लॅन वाढवला म्हणून सुटलं ना!”

तर तुम्ही एवढंच करा. गाणं अडकलं की स्पीकरकडे नाही, फोनच्या स्क्रीनवरच्या सेकंदांकडे बघा. सेकंद थांबले, गोल फिरायला लागला आणि नंतर गाणं तिथूनच पुढे सुरू झालं, तर नेट. सेकंद पळतायत पण मधले शब्द गळतायत, तर ब्लूटूथ. स्पीड टेस्टपेक्षा ही परीक्षा शंभरपट खरी, आणि नेटवाला घरी आला की त्याच्यासमोरच करून दाखवा. त्याने विषय बदलला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

ब्लूटूथ निघालं तर फोन स्पीकरजवळ ठेवा आणि वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. फोन २.४ च्याच वायफायवरून गाणं ओढतोय आणि २.४ वरच स्पीकरला पाठवतोय, तर दोघांची एकाच रस्त्यावर झोंबाझोंबी होते. मोबाइल डेटावर गाणं नीट वाजायला लागलं तर एक तर हेच कारण असणार, किंवा तुमचं वायफायच अडत असणार.

नेट निघालं तरी पुन्हा वेग नाही, सलगपणा बघायचा. रेकॉर्ड केलेलं गाणं ॲप पुढचं पुढचं भरून ठेवतं, त्यामुळे मधे पाच-दहा सेकंद नेट गेलं तरी कळत नाही. थेट रेडिओला तेवढी सोय नाही. जे अजून बोललंच गेलं नाही ते आधी भरून कसं ठेवणार? गाणी ठीक आणि रेडिओच अडकतो, तर लाइन मधेमधे झोपते आहे. एकच स्टेशन अडकत असेल तर दोष त्यांच्याकडचा, सोडून द्या. स्क्रीन बंद केल्यावर काही मिनिटांनी आवाज जात असेल तर ते नेटही नाही न् ब्लूटूथही नाही. फोनची बॅटरी बचत ॲपला मारते आहे, सेटिंगमध्ये त्या ॲपला सूट द्या. आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली राउटर टांगला असेल तर आधी तो खाली घ्या, आपल्याकडच्या ४२-४३ अंशांत पत्र्याला लागून राउटर भाजून निघतो.

हां, एक आहे. घरात किंवा कारखान्यात सीसीटीव्हीचे पाच-सहा कॅमेरे दिवसरात्र क्लाउडवर रेकॉर्डिंग चढवत असतील तर अपलोड तुंबतं आणि मग बाकी सगळंच खोळंबतं. तेव्हा मोठ्या प्लॅनचा खरंच उपयोग होतो. पण आधी कॅमेऱ्यांची क्वालिटी उतरवून बघा, ती फुकट उतरते. (दाजींनी कॅमेऱ्याचं नावही काढलं नव्हतं. काढलं असतं तर मी निदान ऐकून तरी घेतलं असतं.)

स्पीकरचं म्हणाल तर कंपनीच्या भानगडीत मी पडत नाही. ऑक्सची, म्हणजे वायरने जोडायची, पिन लागणारा बघून घ्या. फोनला गोल भोक नसेल तर सी-टाइपचा कन्व्हर्टर मिळतो. फोन एका जागी ठेवायचाच असेल तर वायरच लावा.