13 मार्कांसाठी आणखी एक वर्ष?

प्रश्न : अक्कलकोट रोडला आमचा यंत्रमागाचा कारखाना आहे. मुलीला बारावीच्या वर्षी नीटमध्ये 418 पडले. मग वर्षभर लातूरला ठेवली, रिपीटला 431. आता तिसरा अटेम्प्ट द्यायला लावतोय. पण तिने पेपरात काहीतरी वाचलं आणि म्हणते, कॅन्सरला मारणाऱ्या पेशी बनवणार. बी.एस्सी. करून जन्मभर परीक्षानळ्या धुवायच्या का? तिला दोन शब्द समजावून सांगा.
– एक पालक, सोलापूर

उत्तर : तुमचं मूळ पत्र तीन पानांचं आहे. त्यात क्लासची फी आहे, मेसचं बिल आहे, भावकीतल्या कुणाच्या मुलाचा एमबीबीएसला नंबर लागला तेही आहे. मुलीचं नाव मात्र कुठंच नाही. आणि तिसऱ्या पानाच्या समासात, घाईत लिहिल्यासारखी एक ओळ : 'आजीला स्तनाचा कॅन्सर होता, केमोला बार्शीला न्यायचो तेव्हा हीच सोबत असायची.' अहो, एसटीत आजीची फाईल मांडीवर धरून बसलेल्या पोरीच्या डोक्यात कॅन्सर पेपरवाल्यांनी घातला असं तुम्हाला खरंच वाटतं?

मार्कांचं एका दमात सांगतो. वर्षभर घर सोडून, दिवसरात्र क्लास करून 13 मार्क वाढले. तुमच्या कारखान्यात जादा पाळी लावूनही उत्पादन एवढंच वाढलं असतं, तर तुम्ही कामगाराला बोल लावला असता की आधी माग तपासला असता? तिसरा अटेम्प्ट तिला स्वतःला हवा असेल तर गोष्ट वेगळी. पण पत्रात 'द्यायला लावतोय' असं लिहिलंय, आणि ते मला खटकलं.

आता तुमचा मुख्य गैरसमज. कॅन्सरवर काम करायचं तर डॉक्टरच व्हावं लागतं, असं तुम्ही धरून चाललाय. ती ज्या उपचाराबद्दल बोलतेय त्याचं नाव कार-टी. रुग्णाच्याच रक्तातून टी पेशी काढतात. या आपल्या शरीराच्या राखणदार, पण कॅन्सरची पेशी त्यांच्या नजरेतून निसटते. मग निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवा जीन घालतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर माग तोच, सूत तेच, फक्त नक्षी ठरवणाऱ्या जॅकार्डवर नवी कार्डं चढवली. विणकर बदलला नाही, नक्षी बदलली. त्या नव्या नक्षीमुळे पेशी कॅन्सरच्या पेशीवरची खूण ओळखते. अशा पेशी प्रयोगशाळेत वाढवून सलाइनसारख्या रुग्णाला परत देतात. भारतात तयार झालेल्या अशा पहिल्या उपचाराला, नेक्सकार19 ला, ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली. तो आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत घडला. रुग्णांवरच्या चाचण्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी केल्या. म्हणजे डॉक्टर हवेतच, पण जीन बसवणारे हात पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींचे असतात. तुम्ही ज्याला परीक्षानळ्या धुणं म्हणता, ते हे.

धुणंही असतं, लपवत नाही. पेशी 37 अंशांना इन्क्युबेटरमध्ये ठेवतात, त्यांचं खाद्य बदलायला गड्ड्याच्या यात्रेतही जावं लागतं, आणि फ्लास्कमध्ये एकदा बुरशी शिरली की आठवड्यांची मेहनत बेसिनमध्ये. हे तिला वाचून दाखवा. आणखी एक सांगा : हा उपचार आज रक्ताच्या काही कॅन्सरवर चालतो. आजीला झाला तशा घट्ट गाठींमध्ये या पेशी नीट शिरत नाहीत, शिरल्या तरी थकतात. त्यावर जगभर डोकेफोड चालू आहे. हे ऐकून तिचा चेहरा पडला तर मला कळवा. उजळला तर तुम्हीच काय ते समजा.

रस्ते : आयसर पुणे या विज्ञान संशोधन संस्थेसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, भुवनेश्वरच्या नायसर या तशाच संस्थेसाठी नेस्ट, नाहीतर सोलापुरातच चांगली बी.एस्सी. करून जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी. आयएटीला बारावी होऊन किती वर्षं चालतात याची अट असते, तेव्हा तिसऱ्या अटेम्प्टच्या नादात तो दरवाजा लागणार नाही ना, ते यंदाच्या माहितीपत्रकात बघा. आयएटीत गणिताचेही 15 प्रश्न असतात. तिने अकरावीत गणित सोडलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

पैशाचं : पीएच.डी.ला जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला महिन्याला 37,000 रुपये आणि वर घरभाडं. श्रीमंती नाही, पण तुमच्याकडं हात पसरावा लागत नाही. नोकरीची घडी बसायला मात्र तिशी उजाडते, आणि तोवर लग्नाचा विषय रोज जेवताना काढायचा नाही. हे जमणार नसेल तर आत्ताच सांगा तिला.

तिला समजावायचं काम मी घेत नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाकिटात घाला. गणिताचं काय झालं, तेही त्यात कळवायला सांगा.