छोट्या गाडीतला गोंगाट आणि गाण्याचा आवाज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे २०१९ ची, एक लिटर इंजिनाची, कंपनीनेच सीएनजी बसवून दिलेली वॅगनआर आहे. दर आठवड्याला सातारा-पुणे असे येणे-जाणे असते. ताशी ८० च्या आसपास गाडीत इतका घुमणारा आवाज येतो की शेजारी बसलेल्या आईशी मोठ्याने बोलावे लागते, आणि गाणी लावली तर शब्द कळत नाहीत. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानदाराने तळ, छत, डिकी आणि चारही दारे यांना डॅम्पिंग शीट (पत्र्याचा झणझणाट दाबणारी चिकट शीट) लावून वर ‘चार हजार वॉटची’ सिस्टीम बसवण्याचा सल्ला दिला आहे. माझ्याजवळ २५ हजार रुपये आहेत. ते कशावर खर्च करावेत?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गाण्याचे शब्द कळत नाहीत, ही आपली तक्रार नेमकी आहे. खालच्या पट्टीतला सततचा घुमारा वरच्या पट्टीतले आवाज झाकून टाकतो, आणि गाण्यातली व्यंजने नेमकी वरच्या पट्टीत असतात. अशा वेळी व्हॉल्यूम वाढवला की कान दुखतात, शब्द मात्र तितकेच पुसट राहतात. म्हणून सिस्टीमचा विचार थोडा बाजूला ठेवून, गोंगाट कुठून येतो हे आधी शोधावे, असे मी आपल्याला आग्रहाने सांगेन. या शोधाला एक रुपयाही लागत नाही.

गाडी मोकळ्या जागी उभी करून, न्यूट्रलमध्ये इंजिन मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांवर काही क्षण धरावे आणि फक्त ऐकावे. महामार्गावरचा घुमारा येथेही ऐकू आला, तर तो इंजिनाचा आहे. मग एखाद्या प्रवासात डांबरी रस्ता संपून काँक्रीटचा पट्टा सुरू होतो तेथे, वेग तोच ठेवून, आवाज बदलतो का याकडे शेजारी बसलेल्या माणसाने लक्ष द्यावे. काँक्रीटवर आवाज एकदम चढला तर दोष मुख्यतः टायरचा. आणि ठरावीक वेगापुढे काचेच्या वरच्या कडेशी शिट्टीसारखा किंवा सूं-सूं आवाज येत असेल, तर दाराच्या रबराकडून वारा आत शिरतो आहे.

आपले इंजिन तीन सिलिंडरचे आहे. त्यात दर दोन फेऱ्यांत तीन स्फोट होतात; म्हणजे २,८०० फेऱ्यांवर सेकंदाला ७०. सत्तर हर्ट्झच्या या आवाजाची लांबी हवेत जवळजवळ पाच मीटर भरते, तर आपली गाडी पुरती पावणेचार मीटरही नाही. अशा लांब लाटेपुढे सहा मिलिमीटरचा फोम लावून काहीही साधत नाही, दुकानदार काहीही म्हणो. तो घुमारा इंजिनाच्या माउंटिंगमधून, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते त्यांतून, सांगाड्यात उतरतो. त्यामुळे सहा-सात वर्षे वापरलेल्या गाडीची माउंटिंगची रबरे विश्वासू मेकॅनिककडून तपासून घेणे, हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

टायरच्या बाजूवर छापलेले चार आकडे पाहावेत. ‘२३१९’ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. गाडीबरोबर आलेले टायर अजून तेच असतील, तर नक्षी शिल्लक दिसली तरी रबर कडक झालेले असते आणि ते फार गुणगुणते. तसे आढळल्यास आपल्या २५ हजारांतला मोठा वाटा नि:शंकपणे टायरना द्यावा. त्याने आवाजही उतरेल आणि पावसाळ्यात ब्रेकही नीट लागतील. टायर ठीक असतील, तर हवा दाराच्या खांबावरील चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना भरावी. गरजेपेक्षा जास्त हवेचा टायर प्रत्येक खडी मोजत जातो.

दाराच्या रबर बिडिंगची परीक्षा दहा रुपयांच्या नोटेने होते. नोट दाराच्या फटीत अर्धी ठेवून दार लावावे आणि हळूच ओढावी. चारी बाजूंनी असे करत गेल्यावर जेथे नोट सहज सरकून येते, तेथून वारा आणि धूळ दोन्ही येतात. बिडिंग बदलणे हे एका माणसाचे तासाभराचे काम आहे.

एवढे झाल्यावर शीटकडे वळावे, आणि तेही फक्त पुढच्या दोन दारांपासून. माझ्या जुन्या गाडीचे दार मी प्रथम उघडले, तेव्हा डोअर पॅड (दाराचे आतून दिसणारे कव्हर) काढून बाहेरच्या पत्र्यावर आतून बोटाच्या पेराने टकटक केली होती. पत्र्याच्या डब्यासारखा ‘टण्ण’ असा आवाज आला आणि तो क्षणभर रेंगाळला. वहीच्या पानाएवढे दोन तुकडे मधल्या सपाट भागावर चिकटवून पुन्हा टकटक केली, तर फक्त ‘ठक्’. पत्रा तोच, दार तेच. पण ते दार लावतानाचा आवाजसुद्धा त्या दिवसापासून मोठ्या गाडीच्या दारासारखा झाला. पत्र्याचा झणझणाट थांबवायला तो पूर्ण झाकावा लागत नाही. सपाट भागाचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा झाकला की बहुतेक काम होते. शीट ब्यूटाइल रबराची, वर अ‍ॅल्युमिनिअमचा पापुद्रा असलेली, सुमारे दोन मिलिमीटर जाडीची घ्यावी. स्वस्त शीट डांबराची असते; ती आपल्याकडच्या उन्हात मऊ पडते, वास मारते आणि उभ्या पत्र्यावरून घसरते. लावण्यापूर्वी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावा, आणि पापुद्र्यावरची उठावाची नक्षी सपाट होईपर्यंत शीटवर रोलर जोर देऊन फिरवावा. कारागीर नुसत्या तळहाताने थापटत असेल तर त्याला थांबवावे.

दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोके असतात, आणि गाण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम तेथेच आहे. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो. मागची लाट या भोकांतून बाहेर येऊन पुढच्या लाटेला भेटली की दोघी एकमेकींना मारतात, आणि सर्वांत आधी जातो तो तबल्याच्या डग्ग्याचा आणि बेस गिटारचा आवाज. ही भोके शीटने नीट बंद केली तर दार हे स्पीकरचे खोके बनते. माझा अनुभव असा की बंद केलेल्या दारातला कंपनीचा साधा स्पीकर, उघड्या दारातल्या महागड्या स्पीकरपेक्षा चांगला वाजतो. दार उघडलेलेच आहे तर कुलपाच्या सळ्यांना कापडी टेप गुंडाळून घ्यावी आणि तुटलेल्या क्लिप बदलाव्यात, कारण बारीक खडखडाट बहुधा तेथलाच असतो.

तळ, छत आणि डिकी सध्या सोडून द्यावी. दोन मिलिमीटरच्या शीटचे वजन चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास भरते. थरावर थर देऊन सगळी गाडी मढवली तर तीस-चाळीस किलोंची भर सहज पडते, आणि आपल्या गाडीत सीएनजी सिलिंडरचे वजन आधीच आहे. मागच्या चाकांच्या कमानींना शीट लावल्यास टायरचा आवाज खरोखर उतरतो. परंतु आपल्याकडे त्या सिलिंडरच्या आड आहेत. शीटसाठी सिलिंडर किंवा त्याची नळी कोणत्याही दुकानदाराला हलवू देऊ नये. ते काम अधिकृत कार्यशाळेचेच आहे.

‘चार हजार वॉट’ या शब्दांना काही अर्थ नाही. हा आकडा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा, असतो, आणि तो मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही. आपण फक्त ‘आरएमएस (सलग मिळणारे वॉट) किती?’ एवढे विचारावे. डॅशबोर्डवरचा स्टीरिओ खोक्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ म्हणवून घेत असला, तरी दर स्पीकरला सलग पंधरा-वीस वॉटच देतो, आणि एवढ्या लहान गाडीत ते पुरतात. अट अशी की स्पीकर थोड्या वॉटमध्ये मोठा वाजणारा हवा. खोक्यावर ‘सेन्सिटिव्हिटी’ डेसिबलमध्ये लिहिलेली असते. दोन स्पीकरमध्ये तीन डेसिबलचा फरक असेल, तर कमी आकड्याच्या स्पीकरला तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॉट लागतात. पुढे बसून ऐकणाऱ्याने ट्वीटर (वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर) वेगळा असलेली कम्पोनंट जोडी पुढच्या दारांत बसवावी, मागचे स्पीकर आहेत तसे राहू द्यावेत, आणि उरलेले पैसे जपून ठेवावेत. स्पीकरखालची रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) नको. आपल्या पावसात ती फुगून भुसा होते. प्लॅस्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनिअमची घ्यावी.

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात चारही दारांना शीट लावून घेतली. पावसाळ्यात चालकाच्या पायाखालचा गालिचा ओला राहू लागला आणि आता गाडीत कुबट वास येतो. दुकानदार म्हणतो की याचा शीटशी संबंध नाही.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : संबंध आहे, आणि तो सहज दाखवता येतो. काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या आत उतरणारच, अशी दाराची रचनाच असते. ते खालच्या कडेच्या लहान छिद्रांतून बाहेर पडते. दाराच्या आतल्या पत्र्यावर जे प्लॅस्टिकचे पातळ आवरण असते, ते हे पाणी गाडीत येऊ देत नाही. शीट लावताना बहुतेक कारागीर हे आवरण फाडून फेकतात. नवी शीट कडेने पूर्ण चिकटली नसेल, किंवा खालची छिद्रे तिच्याखाली बुजली असतील, तर पाण्याला आत येण्यावाचून वाट उरत नाही. काच लावून, दार उघडे ठेवून, काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओतावे. दाराच्या खालच्या कडेने ते ठिबकले पाहिजे. ठिबकले नाही, तर त्याच दुकानात, आपल्या डोळ्यांसमोर, पॅड उघडायला लावावे.

गालिचाखालचे नमद्यासारखे अस्तर मात्र उन्हात गाडी ठेवून वाळत नाही. सीट काढून गालिचा उचलावा लागेल, आणि कोकणच्या हवेत हे काम पुढच्या पावसापर्यंत ढकलू नये, कारण त्या ओलीखाली तळाचा पत्रा गंजत असतो. सीटखाली एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्या असू शकतात. म्हणून सीट काढण्यापूर्वी बॅटरीची केबल सोडवून घ्यायला सांगावे.

प्रश्न : माझ्या हॅचबॅकमध्ये चार चॅनेलचा (चार स्पीकर चालवणारा) अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला. आता अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि वेगाबरोबर चढत जातो. शिवाय गाडी वॉरंटीत आहे; वायर कापल्यामुळे वॉरंटी जाईल का, ही धास्ती आहे.
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : हा आवाज अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा, आहे. तो बहुधा दोन चुकांमुळे येतो. पहिली चूक अर्थिंगची : अ‍ॅम्पची काळी वायर रंग न खरवडता, हाताशी आलेल्या कोणत्याही स्क्रूला बांधलेली असते. ती अर्ध्या मीटरपेक्षा लांब नसावी आणि रंग घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर बोल्टने घट्ट बसवावी. दुसरी चूक म्हणजे स्टीरिओकडून गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या आरसीए केबल बॅटरीच्या जाड वायरीशेजारून नेणे. वीज एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यावी. आधी अर्थिंग दुरुस्त करावे, बहुतेक गाड्यांत तेवढ्यानेच आवाज जातो. ‘नॉइज फिल्टर’ विकत घेण्याची घाई करू नये.

त्याहून मोठी काळजी मला फ्यूजची वाटते, म्हणून आपण न विचारताही लिहितो. बॉनेट उघडून बॅटरीच्या प्लसपासून निघालेली वायर पाहावी. पहिल्या ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज दिसलाच पाहिजे. फ्यूज फक्त अ‍ॅम्पजवळ असेल, तर इंजिनापासून केबिनपर्यंतच्या सगळ्या वायरीला काहीच संरक्षण नाही. पत्र्याच्या भोकात तिचे आवरण घासले गेले की बॅटरीचा पूर्ण प्रवाह तेथे पत्र्यात उतरेल आणि आग लागेल. त्या भोकात रबराचे ग्रोमेट (वायरीभोवती बसणारी कडी) असणे तितकेच आवश्यक आहे. चार चॅनेलला प्रत्येकी ५० वॉट आरएमएस या हिशेबाने आपला अ‍ॅम्प पूर्ण भरात सुमारे १८ ते २५ अँपिअर घेईल. त्याला ८ गेजची, शुद्ध तांब्याची वायर आणि ३० अँपिअरचा फ्यूज योग्य आहे. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची वायर बाजारात सर्रास मिळते. टोक चाकूने खरवडले की आत पांढरी दिसते. ती असेल तर बदलावी.

वॉरंटीबाबत : वायर कापून केलेल्या बदलानंतर विजेचा कोणताही बिघाड कंपनी आपल्या माथी मारू शकते. आपल्या गाडीला बसणारे कपलर मिळतात, ते मूळ जोडणीत घुसवले की एकही वायर कापावी लागत नाही. कापलेल्या वायरी सोल्डर करून मूळ स्थितीत आणाव्यात, कपलर लावावा आणि पुढचा कोणताही बदल करण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरकडून उत्तर लेखी घ्यावे.

प्रश्न : छतावर पाऊस पडला की आत ताशा वाजल्यासारखे होते. छताला शीट आणि बॉनेटखाली फोम लावावा का? गाडी सहा एअरबॅगची आहे.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : छताचा मधला पत्रा सर्वांत मोठा आणि सर्वांत सैल असतो, त्यामुळे तेथे ब्यूटाइलचे चार-पाच तुकडे लावल्याने पावसाचा आवाज पुष्कळ मऊ होतो. पण सहा एअरबॅगच्या गाडीत पडद्यासारख्या उघडणाऱ्या दोन एअरबॅग छताच्या दोन्ही कडांना, अस्तराखालीच गुंडाळलेल्या असतात. त्यांच्या वाटेत शीटचा तुकडा, टेप किंवा खांबात बसवलेला ट्वीटर आला, तर अपघाताच्या वेळी त्या नीट उघडणार नाहीत. अस्तर उतरवण्याचे काम एअरबॅग हाताळण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करवून घ्यावे. तसा माणूस मिळत नसेल, तर पावसाचा आवाज सोसावा.

बॉनेटखाली साधा फोम अजिबात लावू नये. इंजिनाच्या उष्णतेने तो सुटून गरम भागावर पडू शकतो आणि पेट घेऊ शकतो. आपल्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनीचे बॉनेट पॅड येत असेल, तर सुट्या भागांच्या काउंटरवर त्याचा पार्ट नंबर विचारून तेच पॅड, त्याच्या क्लिपांसह घ्यावे.