फुटलेला बँड पुन्हा एकत्र आला, तर त्याला ऐकायला सहा तास गाडी चालवून जावं का?

तुमचं म्हणणं असं, की ओअ‍ॅसिस या इंग्लिश रॉक बँडमधले दोघे भाऊ इतकी वर्षं वेगवेगळे कार्यक्रम करतच होते, जुनी गाणीही गात होते, आणि बाकी सगळं यूट्यूबवर आहेच. मग एवढ्या लांब कशाला जायचं? मी जाऊन आले आहे, म्हणून सांगते: जा.

मी गेले ते ओअ‍ॅसिसला ऐकायला. वेल्सची राजधानी कार्डिफ, ५ जुलै २०२५, पुन्हा एकत्र आल्यानंतरच्या दौऱ्याची दुसरी रात्र. ऑगस्ट २००९ मध्ये पॅरिसला ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर नोएल आणि लिअम गॅलघर या दोघा भावांचं भांडण झालं आणि बँड तिथेच संपला. तेव्हा माझ्याकडे त्यांचे सगळे अल्बम होते आणि त्यांना एकदाही प्रत्यक्ष ऐकलेलं नव्हतं. पुढची सोळा वर्षं ती रुखरुख होती. तिकीटविक्री सुरू झाली त्या शनिवारी मी सकाळपासून ऑनलाइन रांगेत होते. माझा नंबर लागेपर्यंत तिकिटाचा भाव चढला होता. त्याचा राग मला अजून आहे, कारण इतकी वर्षं वाट पाहणाऱ्यांची ही थेट अडवणूक होती.

आता तुमचा मूळ मुद्दा. ओअ‍ॅसिसचं 'अ‍ॅक्विएस' नावाचं गाणं आहे. कडवी लिअम गातो आणि ध्रुवपद नोएल. लिअमचा आवाज खरखरीत, अंगावर येणारा. नोएलचा त्यामानाने स्वच्छ आणि चढा. एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने उचलायचं, अशीच त्या गाण्याची रचना आहे. एकट्याने गायलं तर ते अर्धं राहतं. कार्डिफला त्यांनी हे गाणं दुसऱ्याच क्रमांकाला घेतलं. लिअम कडवं संपवून माइकपासून मागे झाला, नोएल पुढे आला, आणि मला रडू आलं. रेकॉर्डिंगमध्ये हा बदल मी शेकडो वेळा ऐकला होता. दोन जिवंत माणसांमध्ये तो घडताना पाहिला नव्हता. वेगवेगळ्या कार्यक्रमांतून जे मिळत नाही म्हणते, ते हे.

म्हणून निघण्याआधी एकच गोष्ट तपासा: त्या बँडचा आवाज ज्यांच्यामुळे होता ती माणसं परत आली आहेत का? नाव तेच आणि मूळचा एखादाच सदस्य उरलेला असेल, तर मी इतकी लांब जाणार नाही. ओअ‍ॅसिसमध्ये दोघे भाऊ होतेच, शिवाय अगदी सुरुवातीचा गिटारवादक बोनहेडही होता. ड्रमवर जोई वॉरोंकर हा नवा माणूस होता, पण त्याने काही बिघडलं नाही. आणि 'पुढच्या वेळी बघू' हा हिशेब इथे चालत नाही. पिंक फ्लॉइड या जुन्या ब्रिटिश बँडचे चौघे २ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये 'लाइव्ह ८' या कार्यक्रमासाठी एकत्र आले. तीन वर्षांनी त्यांच्यातला कीबोर्डवादक रिक राइट वारला. लेड झेपलिन या दुसऱ्या जुन्या बँडचे लोक १० डिसेंबर २००७ ला एकच रात्र वाजवून थांबले.

प्रवासाबद्दल. माझ्याबरोबर धाकटा भाऊ होता. तो माझ्यासाठी आला होता, बँडसाठी नव्हे. सातही अल्बम मिळून साधारण सहा तासांचे, रस्ताही तेवढाच. म्हणून मी ठरवलं की १९९४ पासून २००८ पर्यंत ओळीने सगळे लावायचे. ही माझी चूक झाली. पुन्हा जमलेले बँड बहुतेक वेळा लोकांनी ज्या काळावर प्रेम केलं त्याच काळात राहतात. त्या रात्रीच्या २३ गाण्यांपैकी १९९७ नंतरचं फक्त एक होतं. उलट सहा गाणी अशी होती, जी मूळ सात अल्बमांवर नाहीतच. त्यातली पाच सिंगलच्या, म्हणजे एकेका गाण्याच्या वेगळ्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूला आलेली गाणी, 'अ‍ॅक्विएस'ही त्यातलंच. भावाने ती ऐकलेलीच नव्हती. तुम्ही जाल तेव्हा आधीच्या रात्रींची गाण्यांची यादी पाहून घ्या. काहींना त्यात रसभंग वाटतो. मला वाटत नाही, कारण सोबतच्या माणसाला गाणी ओळखीची असली तर दोघांनाही दुप्पट मिळतं.

मॉनमथवरून वेल्समध्ये शिरलो तेव्हा रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'आराव्ह' दिसू लागलं. वेल्श भाषेत त्याचा अर्थ 'हळू'. ते वाचेपर्यंत आपण खरंच चाललो आहोत यावर माझा विश्वास बसला नव्हता.

कार्डिफचं स्टेडियम शहराच्या मध्यात आहे आणि कार्यक्रमाच्या दिवशी आजूबाजूचे रस्ते बंद असतात. गाडी बाहेरच ठेवून आत जा. अशा रात्री परत निघू नका. दोन तास उभं राहून आणि ओरडून झाल्यावर गाडी चालवण्यासारखी अवस्था राहत नाही. कानांत घालायची बोळी घ्या. आवाज कमी होतो, गाणं जात नाही.

एका गाण्याआधी लिअमने सगळ्यांना स्टेजकडे पाठ करून, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून उड्या मारायला सांगितलं. ज्यांच्यासाठी सहा तास गाडी चालवली त्यांच्याकडे पाठ फिरवून मी एका अनोळखी बाईच्या खांद्यावर हात ठेवून नाचत होते. वळून पाहिलं तर भाऊ, जो लग्नातसुद्धा नाचत नाही, तोही तेच करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसल्यावर त्याने फोन जोडला आणि मला न विचारता 'द मास्टरप्लॅन' लावला. १९९८ चा संग्रह, त्या मागच्या बाजूच्या गाण्यांचा. सुरुवातच 'अ‍ॅक्विएस'ने होते. नोएलचा भाग आला की तो गायचा आणि लिअमचा माझ्यावर सोडायचा. संग्रह संपल्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.