पूर किंवा वादळामुळे शहरात एकदम हजारो लोक आसऱ्याला आले तर त्यांची सोय कशी लावतात?

बहुतेकांना वाटतं, मुख्य अडचण जागेची आणि जेवणाची असते. मोठं सभागृह काही तासांत रिकामं करता येतं आणि जेवण द्यायला लोक आपणहून पुढे येतात. घोडं अडतं ते संडासांपाशी, नोंदणीपाशी आणि आलेली माणसं पुढे कुठे जाणार या प्रश्नापाशी.

समजा एका निवारा केंद्रात 5,000 जण आले. मदतकार्यात जगभर वापरले जाणारे स्फिअरचे निकष लावले तर माणशी 3.5 चौरस मीटर जागा लागते, म्हणजे 17,500 चौरस मीटर. स्वयंपाक आणि न्हाणीघरं यात धरलेली नाहीत. पाणी माणशी रोज किमान 15 लिटर, म्हणजे 75,000 लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरच्या रोज आठ फेऱ्या झाल्या. संडास सुरुवातीला 50 जणांमागे एक, म्हणजे 100, आणि जमेल तितक्या लवकर 20 जणांमागे एक, म्हणजे 250. बायकांसाठी तीन तर पुरुषांसाठी एक, असं प्रमाण हवं. क्रीडासंकुलातले संडास दोन-तीन तासांच्या सामन्याच्या हिशेबाने बांधलेले असतात, चोवीस तास राहणाऱ्यांसाठी नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी पुरुषांच्या काही संडासांवरच्या पाट्या बदलून ते बायकांना द्यावेत आणि बाहेर फिरते संडास उभे करावेत.

फिरते संडास मागवताना मैला उपसणाऱ्या गाडीची वेळ त्याच फोनवर ठरवून घ्यावी. ती राहून जाते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टाक्या भरतात आणि कागदावरचे 100 संडास प्रत्यक्षात 30 उरतात. दिवा आणि आतून कडी नसेल तर बायका रात्री जायला लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच कमी पितात. हे कुठल्याही अहवालात दिसत नाही. दवाखान्याच्या टेबलाशी मात्र मूत्रमार्गाच्या तक्रारी वाढलेल्या दिसतात.

टँकरच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर कोरडी टाकू नये. बादलीत कालवून गाळ बसू द्यावा आणि वरचं निवळ पाणी ओतावं. 33 टक्के क्लोरीनची पावडर असेल तर 1,000 लिटरला 6 ग्रॅम, म्हणजे लिटरमागे सुमारे 2 मिलिग्रॅम क्लोरीन. अर्ध्या तासाने नळाशी तपासून लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरलाय का ते पाहावं. उघड्या पोत्यातली दमट पावडर वजनाला भरते, पण तिच्यात जोर राहिलेला नसतो. म्हणून वजनावर विसंबू नये, तपासणीवर विसंबावं.

2005 साली अमेरिकेत कतरिना वादळानंतर ह्यूस्टन शहरातल्या अ‍ॅस्ट्रोडोम या छत असलेल्या स्टेडियममध्ये आणि लगतच्या संकुलात सुमारे 25 हजार लोक उतरले. तिथे नोरोव्हायरसने जुलाब-उलट्यांची साथ आली. या विषाणूवर हाताला चोळायचं सॅनिटायझर पुरेसं पडत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. आजारी माणसांसाठी वेगळी खोली आणि वेगळे संडास आधीच राखून ठेवावेत. साथ आल्यावर भरलेल्या सभागृहात ती जागा निघत नाही.

नोंदणीला दार एकच असावं. नाव, कुटुंबातली माणसं, मूळ गाव, फोन, चालू औषधं एवढं पुरे. डायलिसिसचे रुग्ण आणि इन्सुलिन घेणारे त्याच टेबलावर वेगळे काढायचे, कारण डायलिसिस साधारण आठवड्यातून तीनदा लागतं आणि एक-दोन वेळा चुकलं तरी जिवावर बेततं. मूल आणि पालक यांच्या मनगटपट्टीवर एकच क्रमांक हवा. कतरिना आणि पाठोपाठच्या रिटा वादळानंतर पाच हजारांहून जास्त मुलं हरवल्याची किंवा ताटातूट झाल्याची नोंद झाली होती आणि ती सगळी मार्गी लागायला अनेक महिने गेले. प्रत्येक संस्थेने आपापली वही उघडली की एकच माणूस चार याद्यांत येतो आणि त्याचा भाऊ त्याला पाचव्या यादीत शोधत बसतो.

नोंदणीतच आणखी एक प्रश्न विचारावा: इथून कुठे जाता येईल? नातेवाइकांकडे जाऊ शकणाऱ्यांना प्रवासाची सोय करून दिली की गर्दी पहिल्याच दिवसापासून हटू लागते. उरलेल्यांसाठी भाड्याची घरं. ह्यूस्टनने भाड्याची हमी देणारी व्हाउचर देऊन लोकांना साध्या इमारतींतल्या रिकाम्या घरांत हलवलं आणि तो प्रचंड निवारा सुमारे तीन आठवड्यांत रिकामा झाला. पालिकेने घरमालकांशी बोलणी पहिल्या आठवड्यातच सुरू करावीत. शाळांचे वर्ग मात्र शक्यतो निवाऱ्याला देऊ नयेत. शाळा अडकली की शहरातल्या पालकांची सहानुभूती झपाट्याने आटते आणि विस्थापित मुलांना बसवायलाही वर्ग उरत नाहीत. त्या मुलांचे दाखले वाहून गेलेले असतात, तेव्हा पालकांच्या तोंडी माहितीवर तात्पुरता प्रवेश द्यावा आणि गोवराची लस केंद्रातच टोचावी.

जुने कपडे मागवू नका. ते निवडायला माणसं आणि गोदाम अडकतं, आणि नव्या अंतर्वस्त्रांची किंवा सॅनिटरी पॅडची गरज त्यातून भागत नाही.

बरेच विस्थापित केंद्रात येतच नाहीत. ते ओळखीच्यांच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने राहतात आणि महिन्याभरात यजमानाचं पाणी, गॅस, पैसे सगळंच पुरेनासं होतं. म्हणून शिधा आणि औषधं देणारं एक टेबल केंद्राच्या फाटकाबाहेर ठेवावं, आणि तिथे केंद्राची मनगटपट्टी मागू नये.