शनिवारची चंदगड गाडी

प्रश्न : मॅडम, मी चंदगड तालुक्यातल्या खेड्यातली. तिकडच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, रसायनशास्त्रात पहिली आले आणि यंदा कोल्हापुरात विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. गावाकडं सर इंग्रजी वाक्य वाचून मराठीत फोड करून सांगायचे. इथं सगळा तास इंग्रजीत. पहिल्या चाचणीत वीसपैकी सात मिळाले, आजवर असं कधी झालं नव्हतं. माझ्या चंदगडी हेलाला मुली हसतात. शनिवारी दुपारी मी स्टँड गाठते आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं येते, पहिला तास कधी मिळतो, कधी बुडतो. आई म्हणते, एवढा त्रास होतोय तर ये परत. काय करू?

उत्तर : जागेसाठी तुझं पत्र इथं कापावं लागलं. मूळ पत्रात त्या सात मार्कांवर दीड पान आहे आणि शनिवारच्या गाडीवर एक ओळ. मला दुखणं त्या एका ओळीत दिसतं.

मी बरीच वर्षं एका मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. दिवाळीनंतर कोण परत येणार नाही हे मला सप्टेंबरातच कळायचं, आणि ते मार्कांवरून नव्हे. रविवारी गच्चीवर चक्कर टाकायची आणि दोरीवर कुणाचे कपडे वाळतायत ते बघायचं. जिचे कपडे तिथं कधीच दिसत नाहीत, ती आठवड्याचं धुणं पिशवीत भरून घरी नेते. तिची बॅग कॉटखाली भरलेलीच असते. तिच्या मनानं खोली घेतलेलीच नसते. 2023 मध्ये एसटीनं बायकांना अर्धं तिकीट केलं. फार चांगलं झालं, माझाही फायदा झाला. पण शनिवारी दुपारी वसतिगृहं आणखी ओस पडायला लागली, हेही खरंच.

आता तुझ्या गाडीचा हिशेब मांड. गडहिंग्लजमार्गे जाऊन-येऊन सातेक तास एसटीत. रविवार आईच्या हातचं खाण्यात आणि संध्याकाळी पोटात गोळा येण्यात. सोमवारचा पहिला तास बुडाला की मंगळवारचा कळत नाही. त्या गेलेल्या तेरा मार्कांत इंग्रजी किती आणि सोमवार किती, हे तूच बघ.

हसण्याचं म्हणशील तर ऐक. मी 1983 मध्ये कणकवलीहून फोंडा घाट चढून इथं आले. माझं ‘खंय’ ऐकायला पोरी मुद्दाम मला वाट विचारायच्या. आणि माझी खोलीतली मैत्रीण, करवीर तालुक्यातली, म्हणायची, ‘मी जेवलो’, ‘मी आलो’. मला वाटलं, ही माझी चेष्टा करतेय. आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही! मग कळलं की इथल्या बायका असंच बोलतात. मे महिन्यात घरी गेले, दारातून ‘आई, मी आलो’ म्हणाले, तर आई माझ्या मागं बघायला लागली, कोण आलंय म्हणून. तुझा हेल सोडू नकोस. दोन-चार महिन्यांत त्याच मुली तुझे शब्द वापरायला लागतील.

इंग्रजीचं वाटतं तेवढं अवघड नाही. रसायनशास्त्रातले शब्द तुला बी.एस्सी.पासून इंग्रजीतच येतात. नवीन आहे ते मधलं बोलणं. उद्या जो भाग शिकवणार तो आदल्या रात्री दोन पानं वाचून जा, म्हणजे तासाला फक्त ओळखीच्या गोष्टी ऐकायच्या राहतात. अडलेलं तासानंतर सरांना मराठीतच विचार. बहुतेक शिक्षक तुझ्यासारखेच कुठल्यातरी तालुक्यातून आलेले असतात, ते हसत नाहीत. आणि विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयातून जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन प्रयोगशाळेतल्या जोडीदारणीबरोबर सोडव. एकटीनं नको.

आता रविवार. दोन शनिवार कोल्हापुरात राहायचं, तिसऱ्याला घरी. पहिला रविवार वाईट जाईल, आधीच सांगते. सकाळी आवारात चालायला जा. शहरातली माणसंही तिथं फिरायला येतात आणि मोर दिसतात. मग कपडे धू आणि गच्चीवर वाळत घाल. रविवारी रात्री बऱ्याच मेसना सुट्टी असते. त्याला मुली वैतागतात, पण माझ्या मते मैत्री त्याच रात्री होते. ‘चला, खासबागेत भेळ खाऊ’ असं कुणीतरी म्हणावं लागतं. या खेपेला तू म्हण.

आईला काय सांगायचं? मी मुलींना शाहू महाराजांची गोष्ट सांगायचे आणि त्या जांभया द्यायच्या, तरी सांगते. खेड्यातली पोरं शिकायला शहरात आली तरी राहणार कुठं, या अडचणीवर महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहत गेली. कर्मवीर भाऊराव पाटील इथल्याच जैन बोर्डिंगात राहिले आणि तिथून त्यांना बाहेरही काढलं गेलं. पुढं त्यांनीच गावोगावच्या पोरांसाठी वसतिगृहं काढली. बोर्डिंगात पहिल्या झटक्यात रुळणं कुणालाच जमलेलं नाही, एवढंच आईला सांग.

सोडायचं की नाही, हे पहिल्या सत्राचा निकाल हातात आल्याशिवाय ठरवू नकोस. तेव्हाही विषय नकोसा वाटला तर खुशाल सोड, त्यात लाज नाही. मात्र दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, उठावंसं वाटत नाही असं असेल तर माझ्या पुढच्या अंकाची वाट बघू नकोस. डॉक्टरांकडं जा, किंवा 14416 या सरकारच्या टेलिमानस क्रमांकावर फोन कर. फोन फुकट असतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि एकदा उलटं कर. तू जायच्या ऐवजी आईला बोलाव. अंबाबाईच्या दर्शनाला म्हटलं की ती येईलच. तुझी कॉट, तुझी दोरी, तुझी जोडीदारीण तिला दाखव. येताना गावचे काजू आणायला सांग, जरा जास्तच, खोलीत चौघी आहात ना.